पॉलिशचा धूर

परवा शेजारच्या सुतारानं जुनी खुर्ची फोडून पेटवली. पॉलिश जळाल्याचा उग्र वास आला आणि मी शेलूबाजारजवळच्या आमच्या घरात, सत्तरच्या दशकातल्या एका दुपारी जाऊन उभी राहिले.

बाबांकडे पॉलिश केलेल्या लाकडाच्या चार जुन्या स्टील गिटार होत्या. गिटार मांडीवर आडवी ठेवून ते डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून फिरवायचे, तेव्हा बाईनं दुरून हाक मारावी तसा सूर यायचा. बौद्धवाड्यातली एक वरात पाटलाच्या दारावरून जाताना बैलगाडीत बसलेल्या बाबांनी वाजवणं थांबवलं नाही. पाटलाच्या माणसांनी त्यांचा डावा हात काठ्यांनी ठेचला. बोटं पुन्हा वळलीच नाहीत. मग बाबांनी गिटार विकायला काढल्या.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते पाटलाचा पोरगा. वरातीच्या दिवशी काठी त्याच्याही हातात होती.

"चारही दे," तो म्हणाला.

बाबांनी उजव्या हातानं एक गिटार उचलली आणि उंबऱ्यावर आपटली. तुटलेली तार त्यांच्याच गालावर बसली. रक्त आलं.

"पैसे देऊन राह्यलो ना, मंग मोडतं कायले?" पोरगा ओरडला.

"माहा हात मोडतानी कोनं इचारलं, कायले मोडता मनून?"

"माय, बाबाले थांबव न!" मी रडत होते. आईनं मला बाजूला सारलं, आत जाऊन दुसरी गिटार आणली आणि बाबांच्या हातात दिली. मग तिसरी. मग चौथी.

कितीतरी वर्षं मला तिचाच राग यायचा. आता कळतं, बाबांचा डावा हात त्या दिवशी तीच होती.

संध्याकाळी तिनं तीच लाकडं चुलीत सारली. भाकरीला पॉलिशचा वास येत होता. मार खाल्ल्यापासून बाबा त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवले.