हलीमाबींचे दगड

मंडळी, आज आमच्या नामपुरात जे घडलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गोऱ्या कलेक्टरने मंजूर केलेल्या नदीवरच्या पुलाचे ओव्हरसियर सकाळी म्हणाले, "पाया अंदाजापेक्षा खोल गेला. खर्च फार वाढला, वरून आणखी मंजुरी नाही. दगड संपला की काम बंद."

तेवढ्यात गावातल्या हलीमाबी पुढे झाल्या. गेल्या पावसाळ्यात पुरामुळे डॉक्टर नदीपलीकडेच अडकले आणि हलीमाबींचा नवरा तापाने गेला.

"मना पडेल घरना दगड लई जा, भाऊ." आपल्या पडलेल्या घराचे दगडच त्या देऊन टाकत होत्या.

मग ते दगड काठावर न्यायला घरोघरी बैलगाड्या जुंपल्या. मीही माझी नेली. संध्याकाळी काठावरचा ढीग पाहून ओव्हरसियर म्हणाले, "एवढ्या दगडांत पूल पुरा होईल."

हलीमाबींचं माणूस तर परत येणार नाही. तरी त्यांनी आमच्या माणसांसाठी दगड दिले. अशा बाईचे आभार कसे मानायचे, सांगा ना!