किल्ली काढली तरी चालणारी गाडी

माझ्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, यांचा जीव त्यांच्या गाडीत. जुनी, गोल पाठीची, मागच्या बाजूला इंजिन असलेली गाडी. त्या इंजिनाला पाण्याचा रेडिएटर नाही; एक पंखा हवा फेकतो आणि त्या हवेवरच ते थंड राहतं. नेरूळच्या सोसायटीत दाजी रोज सकाळी तिला शाम्पूनं धुवायचे, मेण लावून चकाकवायचे. मला मात्र ती गाडी कधीच आवडली नाही. आत बसलं की नाकात काहीतरी गोडसर, कुजकं शिरायचं, आणि त्यावर दाजींनी मारलेल्या मोगऱ्याच्या स्प्रेचा थर. महाप्याच्या कारखान्यात बॉयलर आणि पंप सांभाळण्यात माझी सगळी नोकरी गेली, घाण वासांची सवय होती. तरी त्या मिश्रणात मी काच खाली करूनच बसायचो.

गेल्या उन्हाळ्यात गाडीला नवंच खूळ लागलं. किल्ली फिरवली, काढून खिशात टाकली, तरी इंजिन चालूच. नीट नव्हे, खाकरत, गचके देत, अख्खी गाडी हलवत आणि मागून धूर ओकत. मग एक मोठा ढेकर दिल्यासारखा आवाज, आणि बंद. लोक बाल्कनीत येऊन हसायचे.

दाजींचा फोन आला. "रविवारी ये रे जरा. गॅरेजवाल्यानं दोनदा स्विच बदलला, काही फरक नाही."

ऐरोलीहून मी गेलो. इंजिन गरम झाल्याशिवाय खोड कळणार नव्हती, म्हणून चक्कर मारायची ठरली. दाजींनी ताईलाही मागे बसवलं, देवळात जाऊन येऊ म्हणाले. तिनं आधी नको म्हटलं, मग गुपचूप बसली. सगळा रस्ता तिचा पदर नाकाला होता. परत सोसायटीत शिरलो, गाडी थांबली, आणि ती दार ढकलून उतरली ती थेट गटाराच्या कडेला जाऊन ओकली.

"हिचं पित्त," दाजी म्हणाले. "वर्षभर हेच चाललंय. गाडीत बसली की नाटकं सुरू."

मी ताईला पाण्याची बाटली दिली. दाजी वाकून दारावर काही उडालंय का ते बघत होते. उडालं नव्हतं, तरी त्यांनी फडकं काढून दार पुसलं. ताई वर घरी गेली.

किल्ली दाजींच्या खिशात होती, तरी इंजिन अजून धडधडतच होतं. मी मागचं झाकण उघडून ठिणगी देणारी मुख्य वायरच उपटली. तरी ते चालू. म्हणजे स्विचचा काही दोष नव्हता. ठिणगी नसताना पेट्रोल पेटत होतं, म्हणजे आतलंच काहीतरी निखाऱ्यासारखं तापून लाल होत होतं. ते थांबल्यावर, गार व्हायला बराच वेळ देऊन, मी प्लग काढले. तव्यावर करपलेल्या पिठल्यासारखी खरपुडी जमली होती. सिग्नलला गाडी बंद पडू नये म्हणून दाजींनी स्क्रू पिळून इंजिनाची उभ्याची चाल, म्हणजे गाडी उभी असतानाची गती, भलतीच वाढवलेली. आणि किल्ली काढल्यावर कार्बोरेटरमधलं पेट्रोल अडवणारी जी छोटी झडप असते, तिची वायर तुटून लोंबत होती. हातात धरून बघितली तर तुटलेली नव्हे, कुरतडलेली. शेजारी उंदराच्या लेंड्या.

तेव्हा मी पंख्याभोवतीचं पत्र्याचं कवच उघडायला घेतलं.

"ते कशाला?" दाजी पुढे आले. "रंगाला ओरखडे पडतील."

मी ऐकलं नाही. पत्रा उचलला आणि जो भपकारा आला, त्यानं मी दोन पावलं मागे सरकलो. सीटमधला काथ्या, वेफर्सची पाकिटं, केस, कुणाचा तरी मोजा, हे सगळं मुतानं भिजून, वाळून, घट्ट लगदा झालेलं. त्यात उंदराची पिल्लं चामड्यासारखी सुकलेली. मोठा उंदीर खाली इंजिनाच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पात्यांना चिकटून भाजला होता. स्क्रूड्रायव्हरनं खरवडला तेव्हा कातडी तिथंच राहिली. पंख्याची हवा अडली होती, इंजिन भट्टीसारखं तापत होतं, आणि म्हणून बंद करूनही बंद होत नव्हतं.

मला ओकारी आली ती ते बघून नाही. थंडीत आत ऊब यावी म्हणून याच पंख्याची हवा नळीनं गाडीत सोडतात, हे आठवलं तेव्हा आली. ती हवा अडवणारी पट्टी मी चाचपली. गंजून उघडीच अडकली होती. ताई मागे जिथं बसायची, तिथंच पायाशी त्या नळीचं तोंड होतं.

"दाजी, ही हवा ताईच्या नाकात जात होती."

ते इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "जोरात बोलू नकोस. वॉचमन म्हणाला होता मला, उंदीर शिरताना दिसला म्हणून. म्हटलं, मेला तर मेला, वाळून जाईल. त्यासाठी एवढं सगळं कोण उघडणार? म्हणून तर स्प्रे आणला."

त्यांना माहीत होतं. सगळं वर्षभर. मी त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघितलं आणि मला त्या उंदराहून जास्त किळस त्यांची आली.

कवच धुऊन काढलं, वायर जोडली, चाल कमी केली, खरपुडी खरवडली. संध्याकाळी पुन्हा चक्कर मारून किल्ली फिरवली आणि इंजिन जागच्या जागी गप्प झालं. दाजींनी टाळी वाजवून शेजाऱ्यांना हाका मारल्या.

मी वर जाऊन कोपरापर्यंत हात घासत होतो. ताई मागे येऊन उभी राहिली. "काय होतं रे आत? खरं सांग."

मी सांगितलं. दाजींना ठाऊक होतं, तेही सांगितलं.

तिनं पुढे होऊन वाहता नळ बंद केला. मग म्हणाली, "मी पहिल्या दिवसापासून सांगत होते वास येतोय म्हणून. तर म्हणायचे, तुझ्या नाकालाच रोग आहे. मला खरंच वाटायला लागलं होतं रे."

दाजी हसत वर आले. "चल, आता मस्त झालीय. फिरून येऊ."

"तुम्ही जा," ताई म्हणाली. "मी त्या गाडीत पुन्हा बसणार नाही. आणि माझ्या पित्ताचं नाव परत या घरात काढायचं नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी टॉवेलला हात पुसत राहिलो.

ती खरंच पुन्हा बसली नाही. मळमळ पंधरवड्यात थांबली. देवळात ती आता रिक्षानं जाते, बहुतेकदा शेजारणीला सोबत घेऊन. दाजी गाडी एकटेच फिरवतात. भेटले की मला सांगतात, किल्ली फिरवली की कशी चटकन बंद होते. मी हूं म्हणतो.