खोबरेल घातलेलं कुलूप

बाळांनो, "आजी, या वयात कुलपं उघडायला शिकतेस? चोरीचा विचार आहे की काय?" असं तुम्ही काल फोनवर विचारलंत. हसण्यात उत्तर राहून गेलं, म्हणून लिहिते आहे.

आजोबा गेल्यावर त्यांच्या हत्यारांच्या पेटीची किल्ली सापडलीच नाही. कोपऱ्यावरचे चावीवाले सलीमभाई म्हणाले, "तोडतो, दोन मिनिटांचं काम." मी म्हटलं, "तोडायचं नाही. मला उघडायला शिकवा." दर खंडेनवमीला आजोबा त्या कुलपाला हळदकुंकू लावून आत खोबरेल सोडत.

"आजी, कुलपात खोबरेल कुणी घालतं का? आत सगळं चिकटलंय!" सलीमभाई हसले, पण शिकवायला तयार झाले.

महिनाभर रोज सकाळी चहा झाला की मी कुलपात बारीक तार सरकवत होते. तिथे जोर चालत नाही. आतला एकेक खिळा हलके उचलायचा आणि तो बसेपर्यंत थांबायचं. आजोबा गप्प बसले की मी मात्र कधी थांबले नाही, "बोला की!" म्हणून मागे लागायचे.

आज सकाळी ते उघडलं. पेटीत पक्कड, पाना आणि तेलाची रिकामी बाटली निघाली. कुलूप शाबूत आहे, आणि त्याला अजून खोबरेलाचा वास येतो.