चौथ्या भागाची राखण

डॉ. सुमतीबाई देवतळे यांना मी प्रथम पाहिले ते काळजीत, आणि आज त्यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त लिहायला बसलो तेव्हाही त्या काळजीतच आहेत. मधल्या काळात आमचे केस पांढरे झाले, नागपूर आमच्या नंदनवन वस्तीच्याही पलीकडे पसरले, पण बाईंच्या काळजीचा विषय काही बदलला नाही.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. पुरातत्त्वाच्या एम.ए.चा पहिलाच तास होता. मी या विषयाकडे वळलो तो ओढीने वगैरे नव्हे. दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही म्हणून. बाईंनी टेबलावर एक काळे-तांबडे मडके ठेवले. इतके लख्ख की त्यात खिडकीचे गज दिसत होते. "सुंदर आहे ना?" त्यांनी विचारले. आम्ही माना डोलावल्या.

"ही माझी चूक आहे," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी ती चूक सविस्तर सांगितली. संशोधक म्हणून त्यांचे पहिले उत्खनन कन्हान नदीच्या काठी झाले होते. शिळावर्तुळातून, म्हणजे मोठमोठ्या गोट्यांच्या कड्याने वेढलेल्या प्राचीन दफनाच्या जागेतून, मातीने गच्च भरलेली मडकी अखंड निघाली. मंडळी हरखून गेली. माती ओतून टाकली, मडकी नदीवर नेऊन घासली आणि बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी ओळीने मांडली. पुढे परदेशातल्या एका उत्खननाचा वृत्तांत बाईंच्या वाचनात आला. तिथे लोक असली माती पाण्यात सोडत होते, वर तरंगणारे जळके दाणे वेचत होते आणि त्यावरून त्या माणसांच्या ताटात काय होते ते सांगत होते. "आमची माती कन्हान घेऊन गेली," बाई म्हणाल्या. "अडीच हजार वर्षं टिकलेलं एका सकाळी धुऊन काढलं, आणि वर कौतुक करून घेतलं."

नवीन विद्यार्थ्यांपुढे पहिल्याच दिवशी आपली चूक मांडणारे प्राध्यापक मी त्यापूर्वी पाहिले नव्हते, नंतरही फारसे पाहिले नाहीत. एकदा खणलेली जागा पुन्हा खणता येत नाही, हे वाक्य आमच्या विषयाच्या प्रत्येक पुस्तकात असते. आम्ही ते परीक्षेपुरते पाठ करतो. बाई ते वाचून घाबरतात. ट्रॉयच्या उत्खननात सर्वांत जुन्या नगरापर्यंत पोचण्याच्या घाईत मधले थर कसे उडवले गेले, हे शिकवताना त्यांचा आवाज असा पडत असे की जणू कुदळ आमच्याच हातात आहे. ज्वालामुखीच्या राखेत गाडलेल्या पाँपेई शहराचा मोठा भाग अजून न खणता ठेवला आहे, हे सांगताना मात्र त्यांना बरे वाटे.

या भीतीतूनच त्यांची कामाची पद्धत तयार झाली. शिळावर्तुळ खणताना त्याचे दोऱ्या लावून चार भाग करतात आणि एकेक भाग खाली नेतात. बाई तीन भाग खणत. चौथ्याला हात लावत नसत. पुढे कोणी आपल्याहून शहाणे येतील, त्यांच्याजवळ आपल्याहून चांगली साधने असतील, त्यांच्यासाठी तो ठेवायचा. ऐकायला हे सोपे वाटते. नागपूरजवळच्या खापा गावाच्या परिसरात, परसरामजींच्या शेतात, ते किती अवघड होते, ते मी डोळ्यांनी पाहिले.

परसरामजी हे तिथले तूर-कापूस करणारे शेतकरी. छप्पन साली ते वडिलांच्या खांद्यावर बसून नागपूरला दीक्षेच्या सोहळ्याला आले होते, असे अभिमानाने सांगत. त्यांच्या शेताच्या मधोमध एक मोठे शिळावर्तुळ होते, आणि त्यात आमच्या तिसऱ्या भागात घोडा निघाला. पूर्ण सांगाडा, तोंडावर तांब्याचा साज, जवळ लोखंडी लगाम. आम्ही अक्षरशः नाचलो. तीनही भाग तळापर्यंत गेले, पण माणसाचे एक हाडही मिळाले नाही. घोडा होता, स्वार नव्हता. आणि घोड्याचे मागचे पाय चौथ्या भागाच्या कडेला टेकलेले होते. स्वार कुठे असणार हे शेंबड्या पोरानेही सांगितले असते.

बाईंनी काम थांबवले.

"काहून थांबल्या जी बाई?" परसरामजींनी विचारले. "घोडा भेटला, आता मानूसही भेटन."

"भेटन न गा," बाई त्यांच्याच बोलीत म्हणाल्या. "पन मले त्याले नीट भेटता येईन का, ते समजत नाही."

आमचे वरिष्ठ नागपूरहून जीप घेऊन आले. पाहुणे ठरले होते, बातमीही ठरली होती. त्यांनी आधी समजावले, मग आवाज चढवला. बाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. पण "नाही" या एका शब्दापलीकडे त्या गेल्या नाहीत. पुढे पदोन्नतीच्या वेळी दुसरेच नाव लागले. चर्चासत्रांत चहाच्या वेळी मंडळी विचारू लागली, "काय बाई, स्वार कुठवर आला?" बाई हसत. मग मला बाजूला घेऊन विचारत, "चुकत तर नाही ना रे मी?" त्यांना धीराच्या, ठाम वगैरे म्हणणाऱ्यांनी हा प्रश्न ऐकलेला नाही. मी तो इतक्यांदा ऐकला आहे की त्यांच्याविषयी मला जो आदर वाटतो तो त्या प्रश्नामुळेच, हे आज उघड सांगतो.

बाईंची मायाही काळजीच्याच वाटेने येते. संशोधनाला राहायचे मी ठरवले तेव्हा माझे वडील भडकले होते. मढी उकरायचे शिक्षण घेऊन पोट कसे भरणार, हा त्यांचा सवाल. बाई आमच्या नंदनवनच्या घरी आल्या. आता त्या विषयाची थोरवी सांगतील, असे मला वाटले. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि वडिलांना म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. नोकरीची खात्री नाही. मलाही त्याची फार काळजी वाटते, मी रोज विचार करते." वडिलांनी वादाची तयारी केली होती, ती सगळी वाया गेली. थोड्या वेळाने तेच बाईंना समजावू लागले, "होईल हो बाई काहीतरी, तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका." माझ्या संशोधनाला घरातून परवानगी मिळाली ती अशी.

उत्खनन संपल्यापासून बाई जमेल त्या रविवारी एस.टी.ने खाप्याकडे जातात. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालत वर्तुळापाशी पोचतात, गोटे जागेवर आहेत ना ते पाहतात, परसरामजींच्या घरी चहा घेतात आणि परततात. अलीकडे शेजारच्या टेकडीवर दगड फोडून खडी करणारी गिट्टीची मशीन बसली आहे. आजूबाजूच्या शेतांतली दोन-तीन वर्तुळे त्या मशीनच्या पोटात गेली. आमच्या जागेला संरक्षण मिळावे म्हणून केलेला अर्ज कुठल्याशा टेबलावर आहे. आणि बाई यंदा निवृत्त होत आहेत.

मी त्यांच्याशी भांडलो. म्हटले, "बाई, गोटे उचलायला यंत्र लागलं की खालचं सगळं चिरडणार. त्यापेक्षा या हंगामात आपणच खणू. स्वार तुमच्या हातून निघू दे." मला मनापासून तसे वाटत होते. त्यांचा सन्मान व्हावा, टोमणे मारणाऱ्यांची तोंडे बंद व्हावीत, असे वाटत होते.

"मडकी घासली तेव्हाही आम्हाला वाटलं होतं, आपल्याला सगळं येतं," त्या म्हणाल्या. "मी काय धुऊन टाकीन, ते मला आज दिसतच नाहीये. त्याचीच भीती आहे." मशीन आधी पोचली तर दोष आपलाच, हे त्यांनाही कळत होते.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याबरोबर गेलो. गुडघ्यांमुळे त्यांना धुऱ्यावरून चालवेना, म्हणून त्या धुऱ्याच्या तोंडाशीच बसल्या आणि मला पुढे पाठवले. मी जाऊन पाहून आलो. सगळे जागेवर होते. तेवढ्यात परसरामजी आले.

"जय भीम, बाई. गिट्टीवाला परवा पुन्हा येऊन गेला," ते म्हणाले. "मी म्हटलं, बाई येऊन राहिल्या तोवर गोटे देत नाही. पन तुमचे गुडघे हे असे. तुमच्यामागं कोन येईन? मले एकट्याले काहून बसवता राखणीले?"

परसरामजींचे काय चुकले होते? बाई साडीच्या काठाची माती झटकत राहिल्या. त्यांचा असा चेहरा मला बघवेना.

"मी येईन," मी म्हणालो.

"पक्कं न भाऊ?"

"पक्कं."

बाईंनी मान वर केली. "आणि खणणार नाहीस?"

"तुम्ही म्हणता तशी साधनं हाती येईपर्यंत नाही."

"तुझ्या हयातीत नाही आली तर?"

"तर माझ्या जागी येणाऱ्याला घेऊन येईन, आणि त्याची परसरामजींशी ओळख करून देईन."

परतीच्या एस.टी.त सावनेर यायच्या आधीच बाईंना झोप लागली. इतक्या वर्षांत मी त्यांना प्रवासात झोपलेले पाहिले नव्हते. खिडकीबाहेरचे प्रत्येक खोदकाम त्या वळून वळून पाहत. त्यांचे डोके माझ्या खांद्यावर टेकले होते. नागपूर येईपर्यंत मी हललो नाही.

बाईंना उदंड आयुष्य लाभो, गुडघ्यांना उतार पडो, हे त्यांच्या सर्व विद्यार्थ्यांचे मागणे आहेच. माझे आणखी एक आहे. त्यांना तशी झोप रोज लागो. या रविवारी मी एकटाच खाप्याला जाणार आहे. आज गुरुवार, आणि एखादा गोटा हलला तर नसेल, या धास्तीने माझे इकडे लेखात लक्ष लागत नाही.