मजल्यामागे एक थर

माझा मामा आयुष्यभर घरं बांधत आला, आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या घरात फार तर एखादं झुरळ ऐसपैस राहिलं असतं. आर्किटेक्टांना पुठ्ठ्याची मॉडेलं करून देणं हा त्याचा धंदा. गल्लीत त्याला सगळे 'पुठ्ठेवाले' म्हणत. मी शिकायला म्हणून त्याच्याकडे आले ती तिथलीच झाले, पुढे गल्लीच्या टोकाच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले. त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांसमोरचं आहे.

आमची इमारत पाच मजली, लिफ्ट नसलेली. तळाला मामाचं दुकान, चौथ्यावर घर. दुकानात शिरलं की ओल्या डिंकाचा वास यायचा आणि चपलेला पुठ्ठ्याची कात्रणं चिकटायची. मामा पोटाला टेबल टेकवून, कटर आणि लोखंडी पट्टी घेऊन उभा असायचा. खुर्ची होती, पण तिच्यावर कायम पुठ्ठ्यांची चळत. "बसून कापलं की रेघ झोपते," असं तो म्हणायचा. रेघ कशी झोपते हे मला आजवर कळलेलं नाही.

त्याच्या धंद्याची एक रीत होती. जी इमारत बांधायची असेल ती अगदी डोळ्यात तेल घालून करायची: गजांसह खिडक्या, कठडे, दारापुढे दोन झाडं. भोवतीच्या जुन्या इमारतींना म्हणायचं 'आजूबाजू'. आजूबाजू म्हणजे राखाडी पुठ्ठ्याचे थर एकावर एक चिकटवून केलेले नुसते ठोकळे. त्यांना ना दार, ना खिडकी.

"त्यात माणसं राहत नाहीत का रे?" मी एकदा विचारलं होतं.

"राहतात की. पण पैसे देणारा राहत नाही."

मामी त्याच्या उलट, बसून काम करणारी. तीस वर्षं तिने एका शर्टवाल्याकडे काजं केली. हजारो शर्टांची काजं, आणि शेवटी बोटं अशी वळली की सकाळी मूठ उघडायची नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मलमं दिली, शेकायला सांगितलं. खरा उतार पडायचा तो उन्हाने. थंडीच्या दिवसांत दोन वाजता आमच्या गॅलरीत ऊन यायचं ते थेट मावळेपर्यंत राहायचं. मामी वेताच्या खुर्चीत हात मांडीवर उताणे टाकून बसायची. साडेतीनच्या सुमाराला बोटं एकेक करून मोकळी व्हायची. मग ती स्वतःच्या हाताने कप उचलून चहा प्यायची आणि मुद्दाम एखादं काज करून बघायची. दिवसातले तेवढे दोन तास ती कुणाची मिंधी नसायची.

ते ऊन यायचं समोर दोऱ्याचा बैठा कारखाना होता म्हणून. मला तो चालू असतानाचा आठवतो. सुटीचा भोंगा वाजला की बायका केसांत कापसाचे तंतू घेऊन बाहेर पडायच्या आणि गल्ली हसण्याने भरून जायची. रिकामी रिळं फाटकाजवळच्या पिंपात टाकत, ती मामा आणायचा आणि त्यांचे मॉडेलांतले पाण्याचे हौद करायचा. मग कारखाना बंद पडला, पत्र्यावर गवत उगवलं, आणि एके दिवशी फाटकावर बोर्ड लागला: अकरा मजली निवासी संकुल.

गल्लीच्या तोंडचं पाणी पळालं. रोज संध्याकाळी न्हाव्याच्या दुकानात सभा. न्हावी म्हणायचा, सहाच्या वर एक मजला चालणार नाही. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, त्यांना आम्ही पेन्शनर म्हणत असू. त्यांचा राग काचेवर. "पुढची बाजू सगळी काचेची! उन्हात नुसता आरसा होईल हो. माझी दाढी काय मी रस्त्यावरून करायची?" कुणाला विटाच हव्या होत्या, कुणाला गॅलऱ्या. एकटी पहिल्या मजल्यावरची नर्स वेगळं बोलली. "मी बारा वर्षं एका खोलीचं भाडं भरतेय. तिथे चार मजले जास्त झाले तर एखादं घर मला परवडेल की. तुम्हाला आहेत म्हणून घरं नकोत का?" यावर न्हाव्याने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनेच बोर्ड लावला होता. मला मात्र तिचं खोडून काढता आलं नाही, मामालाही नाही.

आणि त्याच आठवड्यात त्या इमारतीच्या मॉडेलचं काम मामाकडे आलं. जुन्या ओळखीच्या आर्किटेक्ट साहेबांनीच पाठवलं. लोकांच्या हरकतींवर नगरपालिकेची सुनावणी आमच्या शाळेच्या हॉलमध्ये व्हायची होती, तिथे ते मांडायचं होतं. मामाने काम घेतलं. गल्लीने त्याच्याशी बोलणं टाकलं. न्हाव्याने तर त्याला खुर्चीवर बसवून अर्धी दाढी झाल्यावर विचारलं, "किती मजले आवडले तुम्हाला?" मामा उरलेली दाढी घरी येऊन करता झाला.

"कशाला घेतलंस हे?" मी चिडून विचारलं.

"दुसऱ्याने केलं तर तो आपल्या घराचा ठोकळा करेल," मामा म्हणाला. "मी खिडक्या ठेवीन."

आणि ठेवल्या. त्या सगळ्या राखाडी आजूबाजूत एका आमच्या इमारतीला त्याने पाच ओळी खिडक्या कापल्या, चौथ्यावर गॅलरी काढली, आणि गॅलरीत नखाएवढी एक खुर्ची ठेवली. मामीला दाखवायला ते मॉडेल त्याने चार जिने चढवून वर आणलं. मामीने मान तिरकी करून पाहिलं. "माझी खुर्ची वेताची आहे," ती म्हणाली, "ही लाकडी दिसतेय." पण दिवसभर खुशीत होती.

सुनावणी दुपारी दोनला लागली. खुर्च्या कमी पडल्या. नगरपालिकेच्या अधिकारी बाई शांतपणे लिहून घेत होत्या. बिल्डरचा तरुण इंजिनिअर आकडे वाचत होता, पेन्शनर त्यावर दुसरे आकडे वाचत होते, आणि सावली कुठे पडेल यावर दोघांचे दोन सूर्य होते. तासभर कुणाला काही समजेना. इथेच मामा उठला. एरवी चार माणसांत त्याच्या घशातून आवाज निघायचा नाही.

"बाई, बाहेर ऊन आहे. मॉडेल मैदानात ठेवू या," तो म्हणाला. "त्यातली गल्ली या खऱ्या गल्लीच्या रेषेत धरली, की सूर्य काय ते सांगेल. ना त्यांचं, ना आमचं."

चौघांनी मॉडेल उचलून मैदानातल्या बाकावर ठेवलं. मामाने एक डोळा मिटून, फाटकातून दिसणाऱ्या गल्लीशी ते जुळवलं. अख्खी सभा भोवती वाकली. अकरा मजल्यांची सावली रस्ता ओलांडून आमच्या भिंतीवर चढत होती. तीन वाजून दहा मिनिटांनी ती खुर्चीवर आली.

"ही खुर्ची माझ्या बायकोची," मामा म्हणाला. "तिचे हात साडेतीनला उघडतात."

न्हाव्याने डोळे पुसले. मला वाटलं, जिंकलो. एवढ्यात तो इंजिनिअर खिशातली पट्टी काढून आमच्या इमारतीला लावून बसला. पुन्हा लावली. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "काका, ही इमारत पाच मजली आहे ना? खिडक्या पाच ओळी आहेत, पण उंची चारच मजल्यांची आहे."

मामाने पट्टी घेतली. स्वतः मोजलं. त्याचा चेहरा मी कधीच विसरणार नाही. बेरीज चुकलेल्या माणसाचा नव्हता तो, आरशात भलताच कुणी दिसावा तसा होता.

मागून कुणीतरी म्हणालं, "असू दे हो, दोन बोटांनी काय होतंय!" पेन्शनर म्हणाले, "पट्टीच चुकीची असेल." मामाने नुसतं गप्प बसलं तरी पुरे होतं. मनातल्या मनात मीही म्हणत होते, गप्प बस मामा.

"पट्टी बरोबर आहे," मामा म्हणाला. "चूक माझी. आमच्या उस्तादांनी शिकवलेली एक सवय आहे, बाई. मजला पाच थरांचा असतो. आजूबाजूला मजल्यामागे एक थर कमी घालायचा, म्हणजे मधली इमारत उठून दिसते. कुणी मोजत नाही. चाळीस वर्षं मी लोकांची घरं अशीच खाली बसवली. हे माझं घर म्हणून मी खिडक्या केल्या, पण हात आपल्या सवयीने गेला. माझंच घर मी एक मजला ठेंगणं केलं." जरा थांबून तो म्हणाला, "सावली तीन वाजून दहा मिनिटांनी येत नाही. आणखी उशिरा येईल. मी नीट करून आणतो."

गल्लीतल्या लोकांनी कपाळाला हात लावला. घरी जाताना न्हावी तोंडावर म्हणाला, "हातातोंडाशी आलेलं घालवलंत." चौथ्यावर पोचल्यावर तो मामीसमोर उभा राहिला आणि शाळेतल्या पोरासारखं त्याने सगळं सांगितलं.

"माझ्यामुळे तुझं ऊन जाईल," तो म्हणाला. त्याला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मामी म्हणाली, "अहो, खोटं बोलून मिळवलेल्या उन्हात माझी बोटं उघडली असती का?"

पुढचा आठवडाभर तो एकट्या आमच्या इमारतीवर थांबला नाही. आजूबाजूच्या प्रत्येक ठोकळ्याला त्याने राहिलेले थर घातले. न्हाव्याचं दुकान, पेन्शनरांची गच्ची, शाळा, सगळं खऱ्या उंचीला आणलं, आणि दर घराला खिडक्या कापल्या. दुसऱ्या सुनावणीला मॉडेल पुन्हा मैदानात आलं तेव्हा लोक आपापलं घर शोधत राहिले. "हे माझं स्वयंपाकघर!" नर्स ओरडली. न्हाव्याने आपल्या दुकानाच्या दारावर बोट ठेवलं आणि ते बराच वेळ काढलं नाही.

त्या दिवशी सावली खुर्चीवर आली साडेतीनला.

अधिकारी बाईंनी ते मॉडेल दोन्ही बाजूंचं म्हणून मान्य केलं. भर सभेत स्वतःच्या विरुद्ध बोलणाऱ्याची पट्टी आपण पुन्हा तपासणार नाही, असं त्या म्हणाल्या. मग तिथेच, उन्हात, इंजिनिअर वरच्या मजल्यांचे तुकडे एकेक उचलत गेला आणि सगळे सावली बघत राहिले. अकरा मजले अकराच राहिले, पण वरच्या तीन मजल्यांचा आमच्याकडचा कोपरा कापला गेला. काचेच्या जागी विटा आल्या, गॅलऱ्या आल्या. सावली गेली चार वाजायला दहा मिनिटांवर.

म्हणजे मामाने वीस मिनिटं मिळवली. गल्लीच्या मते हे काहीच नव्हतं. मावळेपर्यंतचं ऊन गेलं ते गेलंच.

इमारत उभी राहिल्यावरच्या पहिल्या थंडीत मामी त्याला म्हणाली, "इतकी वर्षं मी या उन्हात एकटी बसले. तुम्ही खाली उभे. निदान ती वीस मिनिटं तरी वर येऊन बसत जा."

मग रोज साडेतीनला मामा हातातली पट्टी खाली ठेवायचा, चार जिने चढायचा आणि मामीशेजारी स्टुलावर बसायचा. मामीची बोटं उघडली की ती त्याचा हात हातात घ्यायची. समोरच्या सहाव्या मजल्यावरून नर्स हात हलवायची. तिला तिथे घर मिळालं होतं. चारला दहा कमी असताना सावली यायची, अगदी मॉडेलात यायची तशी, आणि मामा उठून कामाला जायचा. असे सहा हिवाळे त्यांना मिळाले. आधी मामा गेला, वर्षभराने मामी.

आता ती गल्ली मॉडेलातच तेवढी शिल्लक आहे. न्हाव्याची जागा गेली, पेन्शनरांची गच्ची गेली, आमची इमारतही पाडायला काढली आहे. घर आवरताना मी सुनावणीनंतर मामाने घरी आणलेलं ते मॉडेल पुसायला घेतलं. धूळ झटकता झटकता चौथ्या मजल्याच्या गॅलरीपाशी माझा हात थांबला. तिथे खुर्च्या दोन होत्या. दुसरीचा पुठ्ठा जरा पांढरा, नंतर कधीतरी चिकटवलेला, आणि खुर्ची किंचित वाकडी, पहिलीला टेकलेली होती.