टायरवाल्या मावशींचा हात

जुना टायर घ्यायला आलेला माणूस आधी नक्षी बघतो आणि तिथंच फसतो. काळं पॉलिश फासलं की बारा वर्षांचा टायरही नवरदेवासारखा उभा राहतो. काही बहाद्दर तर पार गोटा झालेल्या टायरमध्ये तापल्या सुरीने नव्या खाचा पाडतात आणि वर शपथा घेतात. टायरचं खरं दुखणं आत असतं. आत दोरे तुटलेले असतात, चिरलेल्या जागी कुणीतरी ठिगळ मारून वर माती चोळलेली असते. ते डोळ्यांना दिसत नाही. त्याला बोटंच लागतात.

अशी बोटं त्या सगळ्या भागात एकाच बाईकडे होती. मोठ्या रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड, आत मापाप्रमाणे रचलेले मोटारसायकलचे जुने टायर, दारात हवेचा कॉम्प्रेसर आणि उलट्या खोक्यावर बसलेल्या मावशी. लहानथोर सगळे त्यांना मावशीच म्हणत. नवरा गेला तेव्हा व्यापाऱ्यांना वाटलं होतं की बाई सहा महिन्यांत शेड विकेल. त्याला एकोणीस वर्षं झाली. त्यातल्या दोन व्यापाऱ्यांची दुकानं कधीच बंद पडली होती, आणि हे सांगताना मावशींच्या चेहऱ्यावर दुःख वगैरे काही दिसत नसे.

त्यांची पद्धत ठरलेली. बाही वर सारायची, हात कोपरापर्यंत टायरच्या आत घालायचा, डोळे मिटायचे आणि टायर एक पूर्ण फेरा फिरवायचा. मग एकच शब्द. "चालेल" म्हटलं की गिऱ्हाइकाने डोळे झाकून न्यावा, आणि "नाही" म्हटलं की तो टायर भंगारात. ज्यांना नवा टायर परवडतो ते शेडकडे ढुंकूनही बघत नसत. ज्यांना परवडत नाही ते दहा ठिकाणी भाव विचारून, खिसा चाचपत शेवटी इथंच येत. आपण दिलेल्या टायरमुळे आजवर एकाही माणसाला खरचटलंसुद्धा नाही, असं मावशी सांगत. तसं ते खरं होतं. दुसऱ्या कुणी त्यांचं कौतुक करायला जावं तर संधीच मिळत नसे, ते काम त्या स्वतःच उरकून टाकत.

मुलगा ट्रक चालवायचा, महिन्यातून दोनदा घरी. दुकानात हाताखाली होती ती सून. चार वर्षांपूर्वी घरात आली तेव्हा तिला टॉमी म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. आता त्याच लोखंडी पट्टीने ती दोन मिनिटांत टायर रिममधून सोडवायची. बोलायची कमी. एकदा तिने गिऱ्हाइकासमोर एका टायरमध्ये हात घालून काहीतरी सांगायचा प्रयत्न केला होता. मावशींनी तिथल्या तिथे तिला गप्प केलं. "तू चाक बसव. निकाल मी देते." त्यानंतर सुनेने चाकं बसवली आणि मूग गिळले.

शनिवारी दुपारी एक प्लंबर आला. गाडी ढकलतच आणली होती. मागचा टायर इतका झिजला होता की एका जागी आतले दोरे वर आले होते. मुलीला नर्सिंगच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता, आणि हे सांगताना तो टायरपेक्षा मुलीबद्दलच जास्त बोलला. त्यांच्या घराण्यात इतकं शिकणारी ती पहिलीच. फी भरल्यावर हातात फारसं काही उरलं नव्हतं. रविवारी बाराच्या सुमाराला बायको आणि मुलीला मागे बसवून, टाकीवर बॅग बांधून, घाट ओलांडून मुलीला वसतिगृहात सोडायचं होतं. नव्या टायरच्या दुकानाच्या पायरीवरून तो परतला होता. जुन्यांच्या दोन दुकानांत त्याला काळे कुळकुळीत टायर दाखवले, पण बायकोने बजावलं होतं की घ्यायचा तर मावशींनी हात घातलेलाच घ्यायचा.

हे ऐकल्यावर मावशी खोक्यावर दोन इंच उंच झाल्या. त्यांनी त्या मापाचे तीन टायर काढले. पहिला बाहेरूनच बाजूला फेकला, दुसऱ्याच्या कडेला चिरा पडल्या होत्या. तिसऱ्याची नक्षी छान होती. मावशींनी आत हात घातला, डोळे मिटले, फेरा पूर्ण केला.

"चालेल," त्या म्हणाल्या.

प्लंबरचे आवळलेले खांदे खाली आले. त्याने थोडी घासाघीस केली, ती सवय म्हणून. मावशींनी बसवायचे पैसे घेणार नाही म्हणून सांगितलं, तेही सवय म्हणूनच. टायर बसवताना सुनेचा हात आत एका जागी थांबला आणि तिने मान वर करून सासूकडे बघितलं. काय झालं म्हणून मावशी डाफरल्या, त्याला घाई आहे, लाव लवकर. सुनेने टायर लावला.

रविवारी सकाळी टायरांचा नवा गठ्ठा आला. मावशी बाही सारून कामाला लागल्या. चौथ्या टायरमधून हात बाहेर काढून त्या सुनेला काहीतरी सांगणार, तोच सुनेच्या हातातली टॉमी खाली पडली.

"आई, रक्त."

मावशींनी बघितलं. टायरच्या कडेची तार आत तुटून वर आली होती आणि तिने तीन बोटं फाडली होती. रक्त मनगटापर्यंत आलं होतं.

"लागलं नाही तुम्हाला?"

मावशींना काहीच जाणवलं नव्हतं. आणि मग त्यांच्या पायाखालची जमीन सरकली, कारण ही गोष्ट त्यांना आजच कळली असं नव्हतं. दोन महिने झाले, कामावर घालायच्या शर्टाची बटणं लावायला वेळ लागत होता, म्हणून त्या डोक्यातून घालायचे कपडे घालू लागल्या होत्या. चहाचा कप गरम आहे की गार हे ओठांना लावल्यावर कळायचं. डॉक्टरांनी साखरेचा विकार सांगून बोटांना मुंग्या येतात का, बधिरपणा वाटतो का, असं नीट विचारलं होतं. मावशी ताठ मानेने नाही म्हणाल्या होत्या. थंडी आहे, वय आहे, होतं असं, अशी स्वतःची समजूत घालून त्या रोज टायरमध्ये हात घालत होत्या, डोळे मिटत होत्या आणि निकाल देत होत्या.

सुनेने बोटांना फडकं बांधलं. मावशींचं लक्षच नव्हतं. दोन महिन्यांत किती टायर गेले, कुणाकुणाकडे गेले, ते त्या पुटपुटत मोजत होत्या.

"बाकीचे ठीक आहेत," सून खाली बघत म्हणाली. "तुम्ही बघितल्यावर बसवताना मी प्रत्येकात हात फिरवते. चार वर्षं फिरवतेय. फक्त काल त्या प्लंबरच्या टायरमध्ये एका जागी मला उंचवटा लागला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही चालेल म्हणाला होतात. तुमच्यापेक्षा मला जास्त कळतं, असं कोणत्या तोंडाने म्हणू?"

मावशींच्या नाकाच्या शेंड्यावर राग आला आणि तिथंच विरला. एरवी त्यांनी सुनेला असं काही सुनावलं असतं की पलीकडच्या दुकानदाराने रेडिओचा आवाज कमी करून ऐकलं असतं. पण त्या पोरीचं तोंड कुणी बंद केलं होतं ते त्यांना चांगलंच आठवत होतं.

सव्वाअकरा वाजले होते. वहीत प्लंबरचा नंबर आणि पत्ता होता. फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. मावशींनी नव्या गठ्ठ्यातले त्या मापाचे दोन टायर खाली ओढले आणि सवयीने एकात हात घातला. मग त्यांनी तो बाहेर काढला.

"तू बघ," त्या म्हणाल्या.

सुनेने डोळे मिटले नाहीत. ती पत्र्याच्या कोपऱ्याकडे बघत होती आणि तिची बोटं टायरच्या आत सावकाश चालली होती. दिसायला देखणा होता तो टायर तिने बाजूला ठेवला. दुसरा मळकट होता, नक्षी मध्यम. त्यात तिने दोन फेरे मारले आणि हा घेऊ, म्हणाली. मावशींनी का म्हणून विचारलं नाही. विचारावंसं खूप वाटलं, पण जीभ आवरली.

गाडी सून चालवत होती. मागे मावशी, एका खांद्यावर टायर, मांडीवर हत्यारांची पिशवी. एरवी हळू, हळू म्हणून सुनेचे कान खाणाऱ्या मावशी आज जरा ओढ गं म्हणत होत्या. वाटेत त्यांनी मनाशी तीन थापा रचल्या. माप चुकलं, असं सांगता येईल. ट्यूबचा व्हॉल्व्ह बदलायचा राहिला, हेही चालण्यासारखं होतं. तिसरी थाप सगळ्यात चांगली होती. तुझ्या मुलीसाठी मावशीकडून याहून बरा टायर, फुकट. यात नाव तर गेलंच नसतं, उलट वाढलं असतं.

प्लंबरची खोली गल्लीच्या टोकाला होती. दाराशी पाइपांचा ढीग, त्याला टेकून गाडी. प्लंबर टाकीवरच्या बॅगेची दोरी आवळत होता. निरोप द्यायला शेजारची पाचसहा माणसं जमली होती. मुलगी नवे बूट घालून सीटवर बसून बघत होती, मागे आईला जागा उरते का ते. त्या मुलीला बघितलं आणि मावशींच्या तिन्ही थापा घशातच राहिल्या.

"बाळ, उतर खाली," त्या म्हणाल्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात प्लंबरला म्हणाल्या, "काल मी तुला चालेल म्हटलं ते चुकीचं होतं. माझ्या बोटांना कळेनासं झालंय. दोन महिने झाले. मी लपवलं."

प्लंबर टायरकडे बघत राहिला. टायर तर झकास दिसत होता. त्याची बायको पुढे आली, तिचा आवाज चढला होता. यांनी दहा दुकानं सोडून तुमच्याकडे यावं म्हणून मीच मागे लागले, आता तुम्हीच असं म्हणताय, मग विश्वास ठेवायचा कुणावर? शेजारच्या एकाने, मावशींचा हातही म्हातारा झाला म्हणायचा, अशी टोपी उडवली. मावशींच्या जिभेवर उत्तर तयार होतं. त्यांनी ते गिळलं. एकोणीस वर्षांत गिळलेलं ते बहुधा पहिलंच.

सुनेने तोवर चाक काढलं होतं. टायर सुटला तसा तिने तो उलटा वळवला आणि एका जागी अंगठा रोवला. माती खरवडल्यावर तळहाताएवढं ठिगळ दिसलं. कडा सुटत आलेल्या. तिने ठिगळ उचकटलं, तो भाग गुडघ्यावर दाबला तशी ठिगळाखालची चीर उघडली, आणि त्यातून पलीकडचं तिचं बोट दिसलं.

प्लंबरने ते बोट बघितलं, मग मुलीकडे बघितलं आणि तो दाराच्या पायरीवर जाऊन बसला. मघाचा शेजारी पुढे होऊन पंप धरायला लागला.

मळकट टायर चढला, हवा भरली, चाक बसलं. सुनेच्या कपाळावर घाम होता आणि हात काळे झाले होते. मावशींनी आज कुठंही हात लावला नव्हता, नुसत्या उभ्या होत्या, आणि नुसतं उभं राहणं किती अवघड असतं ते त्यांना नव्याने कळत होतं. प्लंबरने वरचे किती द्यायचे असं विचारलं तेव्हा मात्र त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा त्या विषयावर आला नाही.

मुलगी चढली. बायको चढेना. ती गाडीला वळसा घालून आली, मावशींना ओलांडून पुढे गेली आणि सुनेसमोर उभी राहिली.

"तूच सांग बाई. बसू का मी लेकीच्या मागे?"

सुनेने सासूकडे बघितलं. चार वर्षांची सवय. मावशींना ती नजर अंगावर आल्याचं जाणवलं, आणि त्यांनी मुद्दाम पाठ फिरवली. जन्मात कधी पाइप बघितले नसावेत तशा त्या दाराशी रचलेल्या पाइपांकडे बघू लागल्या. मावशींचा जीव टांगणीला लागला होता. टायरची आता त्यांना काळजी नव्हती.

"बसा," सुनेचा आवाज आला. मोठा नाही, पण गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "आतून सगळा बघितलाय मी."

सीटचा करकर आवाज झाला. बाई बसली होती. गाडी सुरू झाली, लोकांनी हात हलवले, मुलीने वळून वळून निरोप घेतला. मावशी पाइपांकडेच बघत होत्या, कारण डोळे भरले होते आणि ते सुनेला दाखवायची त्यांची तयारी नव्हती. आपल्या हाताचा त्यांना आयुष्यभर गर्व वाटला होता, पण आज छाती जशी भरून आली होती तशी ती आपल्या हातासाठी एकदाही आली नव्हती.

मघाच्या शेजाऱ्याला राहवेना. आपल्या गाडीचं पुढचं चाक दाखवत तो म्हणाला, "मावशी, आलाच आहात तर माझाही टायर बघता का?"

"माझी सून बघेल," मावशी म्हणाल्या, आणि बाजूला सरकून त्यांनी तिला वाट करून दिली.