थेंबेबाईंनी टायर बदलले

आमच्या जलशुद्धीकरण केंद्राकडे जाणारा रस्ता शेवटी शेवटी तलावाला वळसा घालतो. त्या वळणावर एका ओल्या सकाळी आमची गाडी घसरली. उलटली वगैरे नाही. मागची चाकं आपल्या मर्जीने डावीकडे निघाली, एवढंच. थेंबेबाईंनी ब्रेकवर पाय दिला नाही. स्टिअरिंग जरा सैल सोडत, जरा धरत त्यांनी गाडी ताब्यात आणली आणि कडेच्या गवतात दोन चाकं घालून थांबवली. माझा डबा मांडीवरून खाली गेला होता. पुढच्या सीटवर आमचा पंपचालक बसला होता. दिवसाकाठी चार शब्द बोलला तर खूप, म्हणून आम्ही त्याला मौनीबाबा म्हणतो. तो म्हणाला, "उतरून बघायला हवं." या माणसाने आपणहून तोंड उघडलं म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

उतरून बघितलं तर मागच्या टायरना चक्क टक्कल पडलेलं.

"बाई, यावरून तर माशीही घसरेल," मी म्हणाले.

"दिसत होतं मला रोज," त्या म्हणाल्या. "आज बघू, उद्या बघू करत राहिले. आता मात्र बदलायचेच."

थेंबेबाई हे काही त्यांचं खरं नाव नाही. त्या प्रयोगशाळेत पाणी तपासतात. काचेच्या नळीतून औषधाचा एकेक थेंब पाण्यात सोडायचा आणि रंग पालटला की थांबायचं, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं काम. ते चालू असताना कुणी मध्ये बोललेलं त्यांना खपत नाही. साहेब आले तरी डावा हात वर करून त्यांना दारातच उभं करतात. मी तिथल्या भांडारात असते आणि झडपा, नळ्या, हातमोजे सांभाळते. बस आमच्या केंद्रापर्यंत येत नाही, म्हणून मी आणि मौनीबाबा बाईंच्या पिकअपमधून जातो-येतो. मागचं बाक माझ्या एकटीचं, आणि त्याच्यामागे रिकामा हौदा.

तो हौदा पूर्वी कधी रिकामा नसायचा. गाडी मुळात बाईंच्या यजमानांची. ते सुतार. घरामागच्या शेडमध्ये त्यांचं स्वतःचं काम चालायचं, आणि गाडी दिवसभर फळ्या, पलंग, कपाटं वाहत गावभर फिरायची. मग त्यांचा उजवा खांदा गेला. शस्त्रक्रिया झाली, हात कितीतरी दिवस गळ्यात अडकवलेला होता, आणि डॉक्टरांनी रंधा मारायला साफ मनाई केली. सुतारदादांनी घराजवळच्या दारं बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी धरली. तिथे लाकूड यंत्र तासतं, हे बटणं दाबतात. शेडला कुलूप लागलं आणि गाडीची किल्ली बाईंच्या पर्समध्ये गेली. घरात त्यावर कधी बोलणं झालं नाही. संसार नीट चालला होता, कुणाची तक्रार नव्हती.

गाडी घसरल्याचं संध्याकाळी घरी सांगितल्यावर सुतारदादा टॉर्च घेऊन गाडीखाली वाकले. नेमके तेव्हाच धाकटे दीर आलेले होते. त्यांची रोपवाटिका आहे आणि त्यांच्याकडे अगदी याच बनावटीची गाडी आहे.

"वहिनी, विकत कशाला घेता?" दीर म्हणाले. "माझे मोठे टायर पडून आहेत. फारसे चाललेलेच नाहीत. मी आता त्याहून मोठे टाकलेत."

"भाऊजी, मोठे कशाला? मला काय डोंगर चढायचेत?"

"अहो, गाडी कशी रुबाबदार दिसते बघा तरी!"

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. एरवी असल्या गोष्टीत न पडणारे सुतारदादा पटकन म्हणाले, "लावून बघायला काय हरकत आहे?" त्यांच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला होता की बाईंना नाही म्हणवेना.

आता थोडं आकड्यांबद्दल सांगते. बाईंच्या गाडीचे मूळचे टायर दोनशे पंधरा, पंच्याहत्तर, पंधरा. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा, त्या रुंदीच्या किती टक्के त्याची बाजू उंच. तिसरा, आतल्या रिमचे इंच. हे मी आता झोपेतही सांगेन, कारण पुढे कितीतरी दिवस आमच्या गाडीत दुसरा विषयच नव्हता. दिरांचे टायर दोनशे पस्तीसचे, बाकी आकडे तेच. ऐकताना वाटतं, बोटाएवढा तर फरक. पण रुंदी वाढली की तिच्या हिशेबाने बाजूही उंच होते आणि अख्खं चाकच थोराड होतं.

दिरांनी रातोरात टायर चढवून दिले आणि दुसऱ्या दिवशी गाडी आली ती छाती काढून. शेजारीपाजारी बघायला जमले. सुतारदादा फाटकाशी उभं राहून गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत होते म्हणे. आणि मी? मी दार उघडून उभी राहिले. माझे गुडघे आधीच कुरकुरणारे, त्यात पायरी आणखी वर गेलेली. शेवटी मौनीबाबाने खाली उतरून मागून आधार दिला, बाईंनी आतून हात ओढला, आणि मी धान्याच्या पोत्यासारखी आत पडले.

"मावशी, लागलं का?" बाईंनी विचारलं. मला केंद्रात सगळेच मावशी म्हणतात.

"लागलं नाही, पण उतरताना क्रेन बोलवा."

हसण्यावारी नेलं खरं, पण कुरबुरी वाढत गेल्या. केंद्राच्या फाटकातून आत वळताना स्टिअरिंग पूर्ण फिरवावं लागतं. तिथे पुढचं चाक मडगार्डला खर्रकन घासायचं. स्टिअरिंग जड झालं होतं, बाईंचे खांदे दुखायचे. शाळेसमोर, येणाऱ्या गाडीचा वेग दाखवणारा एक फलक आहे. पूर्वी तो आमच्या काट्यापेक्षा नेहमी जरा कमी आकडा दाखवायचा. आता काटा चाळीसवर असताना फलक एक्केचाळीस दाखवायला लागला.

"फलक बिघडला वाटतं," मी म्हणाले.

"फलक नाही, आपला काटा," बाई म्हणाल्या. "चाक मोठं, म्हणजे एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं. पण काट्याला ते कोण सांगणार? त्याला वाटतं, जुनंच चाक फिरतंय." मग त्या म्हणाल्या, "शाळेसमोर मला हे चालणार नाही." दिवसभर मापात वागणाऱ्या बाईला खोटं माप दाखवणारी गाडी किती टोचत असेल, ते मला कळत होतं. पण घरी कसं सांगायचं, हा प्रश्न होता. सुतारदादा रोज संध्याकाळी फडकं घेऊन ते टायर पुसायचे.

शेवटी एका दुपारी लवकर सुटका झाली तेव्हा आम्ही तिघं टायरच्या दुकानात गेलो. दुकान एका बाईंचं होतं. डोक्यावर चष्मा सरकवलेला, कोपरापर्यंत काळे हात, तोंडात लवंग. त्यांनी चाकांभोवती एक चक्कर मारली, ड्रायव्हरचं दार उघडून दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचलं आणि म्हणाल्या, "ताई, गाडीने सांगितलंय दोनशे पंधरा. तुम्ही लावलेत दोनशे पस्तीस. घासतं ना वळताना?"

"घासतं."

"मग साईज मूळचीच घ्या. त्यात विचार करण्यासारखं काही नाही. विचार पुढे आहे. गाडी काय वाहते?"

"आम्हा तिघांना."

"आणि हौद्यात?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. मग जरा चाचरत, "सध्या."

"सध्या म्हणजे?" टायरवाल्या बाईंनी दोन टायर शेजारी शेजारी आणून ठेवले. आकडे दोन्हींवर सारखेच. "हा मऊ, माणसं नेणाऱ्या गाडीचा. हा जाड बाजूचा, ओझ्याचा. मऊ घेतलात आणि हौदा भरलात तर टायर दबणार, तापणार. जाड घेतलात आणि गाडी रिकामी पळवलीत तर मागच्या बाकावरचं माणूस उडणार." माझ्याकडे बघून त्या हसल्या. "घरी विचारून या. टायर काही पळून जात नाहीत."

येताना गाडीत दोन मौनी आणि मधूनमधून बोलणारी मी, असा प्रवास झाला.

त्या संध्याकाळचं बोलणं मला बाईंनीच नंतर सांगितलं. सुतारदादा वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. बाई समोर बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, गाडीतून तुम्हाला काय न्यायचंय?"

"मला? मी काय नेणार?"

"विचारतेय."

सुतारदादांनी हातातल्या चादरीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "खरं सांगू?"

"नाही, खोटं सांगा."

"लाकूड," ते म्हणाले.

मग बाहेर पडलं सगळं. मागच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले होते की हलकं काम करायला आता हरकत नाही. सुटीच्या दिवशी बाई बाजारात गेल्या की हे शेडचं कुलूप काढून आत जाऊन बसायचे. हत्यारांना तेलपाणी करायचे, एखाद्या तुकड्यावर हलक्या हाताने रंधा मारून बघायचे. खांदा दुखत नव्हता.

"मग बोलला का नाहीत?"

"कसं बोलणार? गाडी तुझी झालेली. तुझी कामाची वेळ, तुझी बरोबरची माणसं. म्हटलं, चाललंय ते छान चाललंय, आपण कशाला मोडता घाला. ते मोठे टायर लागले तेव्हा वाटलं, गाडी परत कामाची दिसायला लागली."

"दिसायला," बाई म्हणाल्या. "घासून घासून मडगार्डचा रंग गेलाय तिकडे."

यावर दोघंही इतके हसले की चादर पुन्हा मोडली.

तरी बाईंनी टायर लगेच घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी गाडी केंद्राच्या आवारात उभी केली, किल्ली काढली आणि मागे वळून आम्हाला म्हणाल्या, "जाड टायर घ्यावेत म्हणते. रिकाम्या गाडीत थोडं आदळेल. तुम्हाला रोज त्यातूनच यायचंय, म्हणून विचारतेय."

"आदळू दे," मौनीबाबा म्हणाला.

"माझ्या अंगावर देवाने दिलेली गादी आहेच," मी म्हणाले. "पायरी तेवढी खाली आणा."

चारही नवे टायर बसले, मूळच्या मापाचे, जाड बाजूचे. टायरवाल्या बाईंनी रिकाम्या दिवसांची हवा वेगळी आणि ओझ्याच्या दिवसांची वेगळी, हे सुतारदादांकडून दोनदा वदवून घेतलं. मागच्या बाकावर पहिला आठवडा मी भाजलेल्या दाण्यासारखी उडत होते. मग एक जाड उशी आणली आणि सवय झाली. दीर मात्र फुरंगटले. "वहिनींना चांगल्याची पारखच नाही," असं त्यांनी आल्यागेल्याला सांगितलं. पण महिनाभरात परत आलेल्या त्याच टायरना गिऱ्हाईक मिळालं, तेव्हा तेच पेढ्यासारखं गोड बोलत घरी आले आणि शेडचं पत्र्याचं छप्पर नीट करून देऊन गेले.

पहिलं लाकूड आणायला नवरा-बायको सुटीच्या दिवशी वखारीत गेले. जाताना सुतारदादा गाडी चालवत होते, येताना बाई, कारण दादांना मागे वळून वळून फळ्या बघायच्या होत्या. मागची चाकं ओझ्याखाली नीट बसली होती, ना दबली ना घासली. बाई म्हणतात, भरलेल्या हौद्याची ती गाडी इतकी शांत चालली की त्यांनाच नवल वाटलं.

कारखान्याची नोकरी सुतारदादांनी सोडलेली नाही. पगार ठरलेला आहे, माणसं चांगली आहेत, आणि खांद्याला सारखं राबवायचं नाही हेही ते पाळतात. पण सुटीचा दिवस शेडमध्ये जातो. जड उचलायला दीर येतात, लाकडाचं घासकाम बाई करतात, आणि चूक निघाली की दोघं भाऊ एकमेकांकडे बोट दाखवतात.

पहिलं गिऱ्हाईक मी. स्वयंपाकघरासाठी एक छोटं कपाट सांगितलं होतं. ते घेऊन तिघंही आले, हौद्यात गोधडीत गुंडाळून, लहान बाळासारखं. सुतारदादांनी ते भिंतीला लावलं, खाली एक पातळ पाचर ठोकली, दार उघडून मिटून बघितलं आणि बाजूला झाले. मग बाईंनी तेच केलं. मग मी. दार एका बोटाने लागतं.